प्रथिनांची घडी उलगडणारा शास्त्रज्ञ

धाग्यापासून वस्त्र विणता येते. पण धाग्याने आपल्या आपण गुंडाळून एखाद्या यंत्राचा आकार घ्यावा आणि लगेच कामाला लागावे, ही कल्पना अशक्य वाटते. सजीवांच्या प्रत्येक पेशीत मात्र ही गोष्ट क्षणोक्षणी घडत असते. अमिनो आम्लांची एकामागोमाग एक गुंफलेली साखळी तयार होते, ती ठरावीक पद्धतीने वळते, दुमडते आणि तिचे कार्यक्षम प्रथिन बनते. ही घडी कशी बसावी याची सूचना त्या साखळीला कोठून मिळते, या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी दिले. १९७२ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने त्यांच्या या कार्याचा गौरव झाला.

ॲनफिन्सन यांच्या निधनाला आता तीन दशके उलटून गेली आहेत. तरीही विषाणूंच्या प्रथिनांवर आणि लशींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत त्यांच्या नियमाची चर्चा थांबलेली नाही. जनुकातील जे बदल एकेकाळी निरर्थक मानले जात, तेही प्रथिनाच्या घडीवर परिणाम करू शकतात, असे गेल्या दोन दशकांत दिसून आले. त्यामुळे ॲनफिन्सन यांचा नियम कोठवर लागू पडतो आणि कोठे त्याला जोड द्यावी लागते, या प्रश्नाला औषधनिर्मितीच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे.

कोपनहेगनची वाट

ख्रिश्चन बोमर ॲनफिन्सन यांचा जन्म २६ मार्च १९१६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मोनेसन या गावी झाला. आई-वडील दोघेही नॉर्वेतून स्थलांतरित होऊन आलेले. वडील अभियंता होते. पुढे हे कुटुंब फिलाडेल्फियाला स्थायिक झाले. मंदीच्या काळात शिष्यवृत्तीच्या आधारावर ॲनफिन्सन यांनी स्वार्थमोर महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि १९३७ मध्ये ते रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. अभ्यासाबरोबर ते फुटबॉलच्या मैदानावरही रमत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर १९३९ मध्ये एका पाठ्यवृत्तीवर ते डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत दाखल झाले.

बिअरच्या कारखान्यामुळे नावारूपाला आलेली ही प्रयोगशाळा प्रथिनांच्या अभ्यासाचे युरोपातील मोठे केंद्र होती. तेथील प्रमुख काय लिंडरस्ट्रॉम-लांग यांचा ॲनफिन्सन यांच्यावर खोल प्रभाव पडला. प्रथिनाच्या रचनेचे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे स्तर मानण्याची आज रूढ असलेली पद्धत लिंडरस्ट्रॉम-लांग यांनीच पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडली. मात्र ॲनफिन्सन यांचा हा पहिला मुक्काम फार लांबला नाही. युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला आणि १९४० मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले.

हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९४३ मध्ये जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. डोळ्यातील दृष्टिपटलात विकरे कशी विखुरलेली असतात, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. युद्धकाळात हिवतापाच्या परजीवीवरील संशोधनात त्यांनी भाग घेतला. १९४७ मध्ये ते स्टॉकहोमला ह्यूगो थिओरेल यांच्याकडे गेले आणि वर्षभराने परतले. १९५० मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिसरात असलेल्या नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगशाळाप्रमुख म्हणून ते रुजू झाले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत फलदायी वर्षे याच परिसरात गेली. १९५४ मध्ये ते पुन्हा कोपनहेगनला लिंडरस्ट्रॉम-लांग यांच्याकडे गेले. युद्धाने अर्धवट तोडलेला धागा त्यांनी तेथे पुन्हा जोडून घेतला.

एका विकराची मोडतोड

ॲनफिन्सन यांनी अभ्यासासाठी निवडलेले प्रथिन होते रायबोन्यूक्लिएज. गुराढोरांच्या स्वादुपिंडात आढळणारे हे विकर आरएनएचे तुकडे करते. ही निवड सोयीची होती. शिकागोच्या आर्मर या मांस व्यवसायातील कंपनीने हे विकर एक किलोच्या प्रमाणात शुद्ध करून त्याचे नमुने शास्त्रज्ञांना विनामूल्य वाटले होते. शिवाय ते आकाराने लहान होते. त्याच्या साखळीत अवघी १२४ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी आठ सिस्टिनची असून, ती जोडीजोडीने एकमेकांना गंधकाच्या चार पुलांनी बांधलेली असतात. हे पूल म्हणजे घडी पक्की ठेवणारे जणू टाकेच.

ॲनफिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टाके उसवायचे ठरवले. युरियाच्या तीव्र द्रावणात विकर ठेवून त्याची घडी मोडण्यात आली आणि मर्कॅप्टोइथेनॉल या रसायनाने गंधकाचे चारही पूल तोडण्यात आले. विकराची लोंबती साखळी तेवढी उरली आणि तिचे काम ठप्प झाले. त्यानंतर ही दोन्ही रसायने हळूहळू काढून टाकून द्रावण हवेच्या संपर्कात ठेवले, तेव्हा साखळी आपसूक पुन्हा दुमडली, पूल पुन्हा जुळले आणि विकर पूर्ववत आरएनए कापू लागले.

यातील विलक्षण भाग गणिताने अधिक स्पष्ट होतो. आठ सिस्टिनच्या चार जोड्या एकूण १०५ प्रकारे लावता येतात. त्यांतला एकच प्रकार नैसर्गिक विकरात असतो. नुसत्या योगायोगावर सोडले तर शंभरातून जेमतेम एक रेणू योग्य तऱ्हेने जुळायला हवा. खरोखरच, युरिया तसाच ठेवून पूल जुळू दिले तेव्हा विकराची क्षमता एक टक्क्याच्या आसपासच राहिली. साखळीला मोकळेपणी दुमडता येत नव्हते, म्हणून टाके चुकीच्या जागी पडले होते. पुढे युरिया दूर करून पूल बदलण्यास मदत करणाऱ्या रसायनाचा अंश मिसळताच हे चुकलेले टाके सुटत गेले आणि काही तासांत जवळजवळ सारे रेणू मूळ रूपात आले.

मायकेल सेला, फ्रेडरिक व्हाइट आणि एडगर हॅबर हे या प्रयोगमालिकेतील त्यांचे सहकारी होते. या चौघांचा गाजलेला शोधनिबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे आलेला सिद्धान्त असा, की प्रथिनाचा त्रिमितीय आकार ठरवणारी सारी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच साठवलेली असते. नैसर्गिक परिस्थितीत साखळी जो आकार घेते, तो ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत स्थिर असतो. डोंगरावरून ओघळलेले पाणी दरीच्या तळाशी जाऊन थांबावे, तसा हा प्रकार.

त्याच वर्षी, त्याच आवारात

१९६१ हे वर्ष बेथेस्डाच्या त्या आवारासाठी आणखी एका कारणाने ऐतिहासिक ठरले. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई या दोन तरुण शास्त्रज्ञांनी तेथेच जनुकीय संकेताचा पहिला शब्द वाचला. आरएनएच्या भाषेत अक्षरे चार. त्यांतील तीन अक्षरांचा एक शब्द म्हणजे कोडॉन. प्रत्येक कोडॉन साखळीत कोणते अमिनो आम्ल जोडायचे ते सांगतो. पुढच्या पाच वर्षांत या भाषेचा संपूर्ण कोश तयार झाला. निरेनबर्ग, रॉबर्ट होली आणि भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना यांना त्यासाठी १९६८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या कोशात शब्द ६४ आहेत. त्यांपैकी तीन केवळ पूर्णविरामाचे काम करतात. उरलेले ६१ शब्द अवघ्या २० अमिनो आम्लांसाठी आहेत. साहजिकच समानार्थी शब्दांची येथे रेलचेल आहे. ल्युसिन या अमिनो आम्लासाठी सहा कोडॉन आहेत, तर मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच.

ॲनफिन्सन यांचा नियम आणि हा कोश शेजारी ठेवले की एक निष्कर्ष आपोआप निघतो. आकार अमिनो आम्लांच्या क्रमावर अवलंबून असेल, तर एका कोडॉनच्या जागी त्याचा समानार्थी कोडॉन बसवल्याने आकारात फरक पडता कामा नये. ‘पाणी’ऐवजी ‘जल’ किंवा ‘नीर’ लिहिले तरी अर्थ तोच. अशा बदलांना शास्त्रज्ञ मूक उत्परिवर्तने म्हणू लागले, ते याच समजुतीतून. अनेक वर्षे या निष्कर्षावर फारशी कोणी शंका घेतली नाही.

तास आणि मिनिटे

पुढच्या शंकेचे बीज मात्र ॲनफिन्सन यांच्याच प्रयोगशाळेत होते. विकर पूर्ववत होण्यास परीक्षानळीत जो वेळ लागे, तो त्यांना खटकत होता. पेशीत प्रथिने काही मिनिटांत तयार होऊन कामाला लागतात. नळीत मात्र तेच काम कित्येक तास चाले. पेशीत या क्रियेला गती देणारे काहीतरी असणार, असे त्यांनी ताडले. १९६३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशींतून गंधकाचे चुकलेले पूल झपाट्याने सुटे करून पुन्हा जुळवणाऱ्या विकराचा माग काढला. हे विकर आकार ठरवत नाही. योग्य आकाराकडे जाणारी वाट तेवढी सुकर करते. पेशीतील घडीच्या मदतनिसांचा हा आरंभीचा पुरावा होता.

स्वतःचा नियम मांडतानाही ॲनफिन्सन यांनी नैसर्गिक परिस्थितीची अट त्यात घातली होती. द्रावण, आम्लता, क्षार, तापमान हे सारे पेशीसारखे असेल तरच साखळी आपला आकार गाठेल, असे त्यांचे म्हणणे होते. नियम पाठ्यपुस्तकांत शिरला, तेव्हा ही अट बरीचशी मागे पडली.

पेशीतील परिस्थिती परीक्षानळीहून आणखी एका बाबतीत वेगळी असते. नळीत संपूर्ण साखळी एकदम दुमडते. पेशीत ती रायबोसोम नावाच्या यंत्रातून सुतासारखी बाहेर पडत असते आणि पुढचा भाग तयार होत असतानाच मागचा भाग दुमडू लागतो. मानवी पेशीत हा वेग साधारणतः सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्ले इतका असतो. प्रत्येक कोडॉनसाठी ठरलेले अमिनो आम्ल वाहून आणणारे लहान आरएनए रेणू असतात. काही कोडॉनचे हे हमाल पेशीत मुबलक असतात, तर काहींचे मोजकेच. मोजक्या हमालांच्या कोडॉनपाशी रायबोसोमला सर्वसाधारणपणे अधिक वेळ थांबावे लागते. समानार्थी शब्दांचा अर्थ सारखा असला तरी ते वाचण्याचा वेग सारखा नसतो, तो यामुळे.

विविध सजीव समानार्थी कोडॉनपैकी काहींना झुकते माप देतात, हे १९८० च्या सुमारास उघड झाले. संथ कोडॉनपाशी होणारा विराम साखळीच्या तयार भागाला दुमडण्यास उसंत देत असावा, अशी मांडणी १९८७ मध्ये झाली. २००७ मध्ये तर बेथेस्डाच्याच आवारातील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याला ठळक पुरावा दिला. पेशीतून औषधे बाहेर फेकणाऱ्या एका मानवी प्रथिनाच्या जनुकात मूक उत्परिवर्तन झाले, तर अमिनो आम्लांचा क्रम तोच राहूनही प्रथिनाची घडी आणि औषधांशी वागण्याची रीत बदलते, असे त्यांनी दाखवले. ॲनफिन्सन तोवर हयात नव्हते.

विषाणूंची संथ लय

कोडॉनच्या निवडीचा घडीशी असलेला संबंध विषाणूंमध्ये विशेष लक्षवेधी ठरतो. विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नसतात. त्याला आपली प्रथिने यजमान पेशीच्या यंत्रावर आणि तिच्याच हमालांकडून तयार करून घ्यावी लागतात. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणाऱ्या काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू याचे बोलके उदाहरण आहे. त्याच्या कवचाच्या जनुकात दुर्मीळ कोडॉनचा भरणा आहे. वरवर पाहता हा तोट्याचा व्यवहार. पण या विषाणूचे कवच असामान्य टणक असते. जठरातील आम्ल आणि पित्त यांना तोंड देऊन ते टिकते, शरीराबाहेरही दीर्घकाळ तग धरते.

बार्सिलोना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात औषधाच्या साह्याने यजमान पेशीचे स्वतःचे जनुकवाचन दाबून टाकले. हमाल आता विषाणूच्या दिमतीला अधिक संख्येने मोकळे झाले. विषाणूची भरभराट व्हावी अशी ही स्थिती. प्रत्यक्षात त्याची क्षमता घसरली. पुढील पिढ्यांत कवचाच्या जनुकातील कोडॉन बदलत गेले आणि विषाणूने गमावलेली क्षमता परत मिळवली. कवचाची घडी नीट बसण्यासाठी या विषाणूला वाचनाची ठरावीक लय लागते, असा अर्थ संशोधकांनी यातून काढला.

याच ज्ञानाचा उपयोग माणसाच्या बाजूनेही होऊ लागला. २००६ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी पोलिओच्या विषाणूच्या कवचाच्या जनुकात दुर्मीळ कोडॉन भरले. एकही अमिनो आम्ल बदलले नाही. विषाणू मात्र दुबळा झाला. त्याचे मुख्य कारण प्रथिननिर्मिती खालावली हे होते. तरीही लशीसाठी विषाणूला कमजोर करण्याची एक नवी दिशा त्यातून मिळाली. कोविडच्या साथीत याच्या उलट वाटेचा अवलंब झाला. संदेशवाहक आरएनएवर आधारलेल्या लशींत विषाणूच्या काटेरी प्रथिनाचे कोडॉन मानवी पेशींना सोयीचे होतील असे बदलण्यात आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोवोव्हॅक्स लशीतील प्रथिन कीटकांच्या पेशींत बनवले जाते. त्याच्या जनुकातील कोडॉन त्या पेशींना रुचतील असे निवडलेले आहेत. या लशींत काटेरी प्रथिन योग्य आकारात टिकावे म्हणून दोन ठिकाणी प्रोलिन हे अमिनो आम्ल मुद्दाम बसवले आहे. आकारासाठी अमिनो आम्ले बदलणे हा ॲनफिन्सन यांच्या नियमाचा थेट वापर आहे आणि कोडॉन बदलताना घडी बिघडणार नाही ना, हे तपासणे ही त्या नियमाला मिळालेली नवी जोड आहे.

इंटरफेरॉन ते उकळत्या पाण्यातील जीव

विषाणूंशी ॲनफिन्सन यांचा स्वतःचाही संबंध आला. १९६८ मध्ये त्यांनी पेड्रो क्वात्रेकासास आणि मेयर विल्चेक यांच्यासमवेत प्रथिने शुद्ध करण्याची एक नवी पद्धत मांडली. हव्या असलेल्या प्रथिनालाच चिकटणारा रेणू घन पदार्थावर बसवायचा आणि मिश्रण त्यावरून सोडायचे. हवे ते प्रथिन अडकते, बाकीचे वाहून जाते. आज जगभरच्या औषध कारखान्यांत ही पद्धत रुळली आहे. १९७० च्या दशकात विषाणूचा हल्ला होताच पेशी जे इंटरफेरॉन स्रवतात, ते शुद्ध करण्याच्या खटपटीला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. अत्यल्प प्रमाणात मिळणारे हे प्रथिन हाती लागणे जिकिरीचे होते. १९८० मध्ये मानवी इंटरफेरॉनच्या साखळीचा आरंभीचा क्रम त्यांच्या गटाने इतरांच्या सहकार्याने प्रसिद्ध केला.

नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला होता. उरलेला अर्धा रायबोन्यूक्लिएजचाच अभ्यास करणारे स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांना विभागून देण्यात आला. या कीर्तीचा उपयोग त्यांनी प्रयोगशाळेबाहेरही केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मानवी हक्क समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि अर्जेंटिनात लष्करी राजवट असताना, १९८१ मध्ये, तेथील बंदिवान शास्त्रज्ञांची विचारपूस करण्यासाठी ते त्या देशात गेले.

खासगी आयुष्यातही याच सुमारास स्थित्यंतरे झाली. १९४१ मध्ये झालेला पहिला विवाह १९७८ मध्ये संपुष्टात आला. त्या विवाहातून त्यांना तीन अपत्ये होती. १९७९ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि सनातनी ज्यू धर्माचा स्वीकार केला. शिडाच्या होडीतून सागरसफर करणे हा त्यांचा आवडता छंद होता.

१९८२ पासून ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. उतारवयात त्यांनी निवडलेला विषय तरुणांनाही आव्हान देणारा होता. समुद्रातील उष्ण झऱ्यांपाशी, जवळजवळ उकळत्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची प्रथिने त्यांनी अभ्यासायला घेतली. ज्या तापमानाला इतर प्रथिनांची घडी विस्कटते, तेथे यांची घडी शाबूत कशी राहते, हा त्यांचा प्रश्न होता. १४ मे १९९५ रोजी मेरीलँडमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नियम आणि त्याची अट

२०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांच्या रचनेवरील कामासाठी देण्यात आले. विजेत्यांपैकी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या संगणक प्रणालीला अमिनो आम्लांचा क्रम दिला की ती प्रथिनाच्या आकाराचे भाकीत करते. कोडॉन कोणते होते, हे तिला विचारावे लागत नाही आणि तरीही बहुसंख्य प्रथिनांच्या बाबतीत तिचे उत्तर विश्वासार्ह ठरते. ॲनफिन्सन यांचा नियम किती दूरवर खरा आहे, याचा हा सर्वांत मोठा पुरावा म्हणता येईल.

तथापि अंतिम आकाराचे भाकीत करणे आणि पेशीत प्रत्येक साखळी त्या आकारापर्यंत सुखरूप पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. समानार्थी कोडॉन बदलून तयार केलेले औषधी प्रथिन कागदावर मूळ प्रथिनासारखेच दिसते. वाटेत त्याची घडी चुकली, तर ते निकामी ठरू शकते किंवा रुग्णाचे शरीर त्याला परके मानू शकते. म्हणूनच अशा प्रथिनाचा केवळ क्रम जुळला की काम भागत नाही. त्याचा आकार आणि कार्यही तपासून पाहावे लागते. ॲनफिन्सन यांनी नियमासोबत घातलेली परिस्थितीची अट आणि तास-मिनिटांच्या फरकाने त्यांना पडलेले कोडे, या दोहोंचे महत्त्व अशा तपासणीच्या वेळी नव्याने लक्षात येते.